हातानं फिरवायचा ट्युनर

ऑटो ट्युनर, म्हणजे रेडिओ आणि अँटेना यांचं आपोआप जुळवून देणारा डबा, का घेत नाही, हे मला हॅम मंडळी, म्हणजे हौशी रेडिओवाले, अधूनमधून विचारतात. बटण दाबलं की आतले रिले कट-कट-कट वाजतात आणि पाच-सात सेकंदांत काम फत्ते. चांगली वस्तू आहे, नावं ठेवायचं कारण नाही. पण माझ्या टेबलावर आहे तो दोन गँग (फिरवून कमी-जास्त करायचे कपॅसिटर) आणि एका कॉइलचा, घरी बांधलेला डबा, आणि तो काढायचा माझा विचार नाही.

आधी अँटेना सांगतो, कारण ट्युनरची सगळी कथा तिथून सुरू होते. आमचं सिडकोत रो-हाउस आहे. गच्चीवर मधोमध बांबू, त्यावरून इन्व्हर्टेड व्ही, म्हणजे उलट्या 'V' सारखी दोन्हीकडे उतरती तार. एक टोक पुढच्या कंपाउंडकडे, दुसरं मागच्या, दोन्ही टोकं हात पोचणार नाही इतकी वर. एकूण तार सुमारे 20 मीटर, म्हणजे 7.1 मेगाहर्ट्‌झची अर्धी वेव्हलेंथ. खाली कोअॅक्स (टीव्हीच्या केबलसारखी गोल केबल) नाही आणलेली. दोन समांतर तारा आहेत, मधे केसिंग-कॅपिंगच्या पट्टीचे तुकडे स्पेसर म्हणून. शेजारच्यांना वाटतं कपडे वाळत घालायची काहीतरी सोय आहे. संक्रांतीला तिच्यावर मांजा अडकतो, तो सोडवायला पोरं गच्चीवर येतात आणि त्या निमित्तानं रेडिओ बघून जातात.

ही तार 40 मीटर बँडवर, म्हणजे त्याच 7 मेगाहर्ट्‌झवर, गुणी बाळ; बँडच्या नावातले मीटर म्हणजे पूर्ण वेव्हलेंथ. तीच 20 मीटर बँडवर नेली की तारेच्या मध्यावर हजारो ओहम दिसतात, आणि 80 वर नेली तर जेमतेम थोडे ओहम, वर कपॅसिटिव्ह रिअॅक्टन्सचा डोंगर. रिगला, म्हणजे रेडिओ सेटला, मात्र 50 ओहमच हवेत. एसडब्ल्यूआर म्हणजे जुळणी किती बिघडलीय त्याचं माप, 1:1 म्हणजे उत्तम. तो वाढला की आजकालची ट्रान्झिस्टरची रिग स्वतःच पॉवर कमी करते. रिगला 50 ओहम दाखवायचे, हे ट्युनरचं काम. तेवढंच. तो अँटेना सुधारत नाही, आणि ट्युनरपासून वर जाणाऱ्या लाइनवरचा एसडब्ल्यूआरही जसा होता तसाच राहतो. म्हणून तर उघड्या तारांची लाइन. तिच्यात एसडब्ल्यूआर कितीही चढला तरी वाया फार जात नाही. बारीक कोअॅक्सवर हाच खेळ केला तर पॉवर वाटेतच केबल तापवण्यात जाते आणि टेबलावरचा मीटर 1:1 दाखवत हसत राहतो.

डबा टी-नेटवर्कचा आहे. रिगकडून येताना एक गँग, अँटेनाकडे जाताना दुसरी, आणि दोघींच्या मधून जमिनीला कॉइल. गँग जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतल्या, हवेच्या. ट्रान्झिस्टर सेटमधली पीव्हीसी गँग इथे चालत नाही, आतला प्लास्टिकचा पापुद्रा लगेच जळतो. हवेच्या गँगचीही गंमत आहे. रेडिओत तिची फ्रेम चासीला, म्हणजे अर्थ असलेल्या पत्र्याच्या सांगाड्याला, जोडलेली असते, टी-नेटवर्कमध्ये मात्र तिची कुठलीच बाजू अर्थला नसते. म्हणून दोन्ही गँग अॅक्रिलिकच्या पट्टीवर बसवल्या, पत्र्यापासून लांब. शाफ्ट आणि नॉब यांच्यामध्ये बॉलपेनची नळी घातली. तसं केलं नाही तर बोट लागलं की ट्युनिंग हलतं, आणि पॉवर जास्त असेल तर बोटालाही कळतं. कॉइल मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून वजनावर आणलेल्या 14 गेज तारेची, जिथे टॅप (स्विचकडे जाणारे मधले जोड) काढायचे तिथे इनॅमल खरवडून.

आमच्या गल्लीतली एक मुलगी इंजिनिअरिंगला आहे, हॅमच्या परीक्षेची तयारी करतेय. परवा आली आणि थेट पीटीटीला, म्हणजे बोलायला दाबायच्या बटणाला, हात.

"थांब. आधी ऐक," म्हटलं.

"काय ऐकू काका? नुसता खरखराट आहे."

"तोच."

दोन्ही गँग मध्यावर ठेवायला सांगितल्या आणि कॉइलचा स्विच एकेक टॅप पुढे न्यायला. खरखर, खरखर, आणि एका टॅपवर खर्रर्र, आवाज एकदम भरून आला. मग तिथे गँग थोड्या थोड्या हलवून अजून वर. जिथे रिसीव्हरला सगळ्यात जास्त नॉइज ऐकू येतो, त्याच्या आसपासच ट्रान्समिटरचं जुळतं. ट्युनिंगचा मोठा भाग असा एक वॅटही न सोडता होतो. त्यानंतर फ्रिक्वेन्सी कोणी वापरतंय का ते विचारायचं, आणि मगच पाच-दहा वॅटचा कॅरियर, म्हणजे नुसता एकसारखा सिग्नल. कोणाच्या चालू गप्पांवर पन्नास वॅटचा 'पीं' सोडून ट्युन करणारे महाभाग अजून आहेत. त्यांच्याविषयी इथे लिहीत नाही, बीपी वाढतं.

कॅरियर चालू असताना कॉइलचा स्विच फिरवायचा नाही. एक क्षण सर्किट उघडतं, काँटॅक्टवर ठिणगी पडते आणि स्विच काळा होतो. गँग चालू कॅरियरवर फिरवल्या तर चालतं, पण एकाआड एक, हळू. तिनं फिरवलं, काटा खाली आला, जवळपास 1:1. खूश झाली. मी तिला कॉइलचा टॅप बदलून पुन्हा जुळवायला सांगितलं. पुन्हा 1:1.

"दोन्ही बरोबर?"

हा प्रश्न मला हवाच होता. टी-नेटवर्कमध्ये एकाच अँटेनाला एकाहून जास्त ठिकाणी मॅच सापडतो. मीटरला सगळे सारखेच. पण ज्यात गँगची पानं जास्तीत जास्त आत शिरलेली आहेत आणि कॉइल कमीत कमी लागते, त्यात लॉस कमी. उलटं असेल तर आत करंट नुसता फिरत राहतो आणि कॉइल गरम होते. 80 मीटरवर तिला ते हातानं दाखवलं. एफटी8 वर (कॉम्प्युटरनं संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) काही वेळ चालवलं, पॉवर बंद केली, झाकण काढलं. कॉइल कोमट. ती उष्णता म्हणजे हवेत न गेलेले वॅट. बोलताना मधे थांबणं असतं, एफटी8 मध्ये दर पाळीला बारा सेकंदांहून जास्त एकसारखा कॅरियर, म्हणून त्यात हे लवकर उघडं पडतं. ऑटो ट्युनरनं हेच केलं असतं तर हिरवा दिवा लागला असता आणि आम्ही पुढे गेलो असतो.

झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवलाय: बँड, टॅप, दोन्ही नॉबचे आकडे. बँड बदलला की नॉब सरळ तिथे न्यायचे, किरकोळ फिरवायचं, झालं. पावसाळ्यात मात्र कागदावर विसंबायचं नाही. त्र्यंबककडून काळे ढग आले, तारा भिजल्या की आकडे सरकतात. त्यासाठी दुसऱ्या रंगानं वेगळी ओळ लिहिलीय. विजा दिसायला लागल्या की ट्युनिंगचा प्रश्नच नाही, दोन्ही तारा डब्यावरून काढून खिडकीबाहेर.

राहिलं 80 मीटर. तिथे ट्युनरकडून जास्त अपेक्षा करण्यात अर्थ नाही, तारच मोठी हवी, दुपटीची, आणि तेवढी जागा आमच्या प्लॉटमध्ये नाही. मागच्या गल्लीतल्या आप्पांच्या दारात उंच नारळ आहे, तिथपर्यंत तार न्यायची परवानगी मागितलीय. आप्पा नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "बांधा. पण नारळ पडून तुटली तर माझ्याकडे यायचं नाही."