पुरणयंत्रातून निघालेले हॉट चॉकलेट

डिसेंबर लागला की निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला, हे नाशिककर सकाळी वर्तमानपत्रात आधी पाहतात आणि मगच स्वेटर शोधायला उठतात. गेल्या नाताळच्या सुट्टीत अशाच एका गारठलेल्या सकाळी माझी नातवंडे पुण्याहून आली आणि त्यांच्या सामानात कपड्यांच्या आधी हॉट चॉकलेटच्या पावडरीचा डबा बाहेर निघाला. नातू नऊ वर्षांचा आहे आणि नात सहा. दोघांनाही रोज संध्याकाळी त्या डब्यातले दूध हवे असते. सूनबाई जरा संकोचानेच म्हणाली, "आई, साखर कमी करायची म्हणून मी किती प्रयत्न केले, पण मुले ऐकत नाहीत. तुम्ही गूळ घालून काही करून पाहाल का?"

मी शाळेत बरीच वर्षे रसायनशास्त्र शिकवले असल्यामुळे पदार्थ हाती घेण्याआधी त्यावरची चिठ्ठी वाचण्याची सवय अजून सुटलेली नाही. आपल्याकडच्या नियमांनुसार पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जो घटक सर्वांत जास्त तो पहिला. त्या डब्यावर पहिला शब्द साखर हा होता आणि कोको त्याच्या मागे. सुचवलेले प्रमाण मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजले, छापलेल्या आकड्यांशी ताळा केला, तेव्हा एका कपात जवळजवळ चार चहाचे चमचे साखर निघाली. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ साली दोन ते अठरा वर्षे वयाच्या मुलांसाठी वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅमांपेक्षा कमी, म्हणजे सहा चमचे, अशी सुचवली होती. त्यांतले चार या एका कपातच संपत होते आणि बिस्किटे, जॅम, सॉस यांचा हिशेब अजून व्हायचाच होता.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी, कारण पुढची सगळी खटपट तिच्यावरच उभी आहे. गूळ घातला म्हणजे पदार्थ बिनसाखरेचा झाला, असे जे सर्रास सांगितले जाते ते खरे नाही. गुळाचा बहुतांश भाग सुक्रोज म्हणजे साखरच असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मुक्त शर्करेबद्दल जी मार्गदर्शक सूचना काढली तिच्यात मध, पाक आणि फळांचे रसदेखील साखरेच्याच खात्यावर मांडलेले आहेत. गुळात लोह असते हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण कपभर दुधात जेवढा गूळ पडतो त्यातून मिळणारे लोह थोडे, आणि दुधातले कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणते, तेव्हा हॉट चॉकलेट लोहासाठी पाजू नये. गुळाचा खरा गुण म्हणजे त्याला स्वतःची अशी चव असते, त्यामुळे थोड्यात भागवता येते. सूनबाईला मी एवढेच म्हटले की गूळ घालू, पण साखरेइतकाच काटेकोरपणे मोजून घालू.

पहिला प्रयोग फसला. दूध उकळले, त्यात कोको टाकला, वरून बोराएवढा गुळाचा खडा टाकला आणि क्षणात दुधाचे दाणे झाले. गुळाची खीर करणारी प्रत्येक बाई जे जाणते ते मी, चॉकलेट हा शब्द विलायती असल्यामुळे की काय, विसरले होते. ताज्या दुधाचा सामू (म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, तो जितका उतरेल तितकी आम्लता जास्त) साडेसहाच्या किंचित वर असतो. गूळ त्यापेक्षा आम्लधर्मी असतो आणि जुना, पाणी सुटलेला गूळ तर आणखी. दुधातले केसीन हे प्रथिन थंड दुधात सामू ४.६ च्या आसपास उतरल्यावर साकळते, पण दूध उकळत असेल तर त्याला त्याहून कितीतरी कमी आम्लता पुरते. त्यात साधा कोकोही थोडा आम्लधर्मीच असतो. थोडक्यात, दोन आंबट आणि एक आच, असा तो मामला झाला. नातवाने पातेल्यात डोकावून "आजी, हे पनीर आहे का?" असे विचारले. ते चॉकलेटी पनीर मी पोळीच्या कणकेत मळून संपवले. वाया गेले नाही, पण त्याची कृती कोणी मागू नये.

दुसऱ्या दिवसापासून क्रम बदलला आणि तो आजवर बिघडलेला नाही. कोको दुधात कधीच थेट टाकत नाही. कोकोच्या कणांना चरबीचा अंश चिकटलेला असतो, म्हणून ते दुधावर गोळ्या होऊन तरंगतात आणि कितीही ढवळले तरी आत कोरडेच राहतात. एका कपाला एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम कोको घेऊन त्यात दोन चमचे कढत पाणी आणि मिठाची चिमूट घालून गंधासारखे वाटून घेते आणि ते मंद आचेवर मिनिटभर शिजवते. मिठाने कडवटपणा दबतो आणि त्यामुळे गोडही कमी लागते. पाणी आणि कोको एकजीव होऊन चकाकू लागले की १५० मिलिलिटर दूध घालून एक उकळी येऊ देते, गॅस बंद करते आणि पाच मिनिटे पातेल्याला हात लावत नाही. मगच वेगळ्या पाण्यात विरघळवून गाळलेला गूळ घालते. गाळायचा तो कचरा आणि क्वचित वाळूही निघते म्हणून. घरात काकवी असेल तर हे विरघळवणे वाचते, एक चमचा काकवी पुरते. गूळ घेताना मी पिवळाधमक टाळते आणि काळपट तपकिरी घेते, कारण रंग उजळण्यासाठी गुळात हायड्रोस पावडर वापरली जाते आणि ती मुलांच्या पोटात जावी असे मला वाटत नाही.

यानंतर येते ती रवी. ताक घुसळायची लाकडी रवी दोन्ही तळव्यांत धरून पातेल्यात फिरवली की असा फेस येतो की कॉफीच्या दुकानातल्या यंत्राने लाजावे. मेक्सिकोत चॉकलेट घुसळण्यासाठी जवळजवळ अशीच एक लाकडी रवी असते, तिला मोलिनिओ म्हणतात आणि तीही तळव्यांतच फिरवतात. मुलांना हे सांगितल्यावर रवी फिरवण्यासाठी पाळ्या लागल्या. चॉकलेट हे मुळात प्यायचेच होते आणि तेही साखरेवाचून, ही गोष्टही मी त्यांना तेव्हाच सांगितली. माया आणि अ‍ॅझ्टेक लोक ते कडू पीत, त्यात मिरची घालत. साखर त्यात पडली ती चॉकलेट युरोपीय लोकांच्या हाती गेल्यावर. कोको बियांतले लोणी दाबून काढायच्या यंत्राचे पेटंट नेदरलँड्समधल्या व्हान हाउटन घराण्याने १८२८ साली घेतले, तेव्हापासून आजची कोको पावडर मिळू लागली, आणि खाण्याची वडी तर त्यानंतर, १८४७ मध्ये, इंग्लंडातल्या ब्रिस्टलला झाली. नातवाने मिरचीचा आग्रह धरला. मी सुंठेवर तडजोड केली.

गुळावर मात्र माझे समाधान होईना. मोजून घातला तरी साखर ती साखरच, मग अख्खे फळच का वापरू नये, या विचाराने मी खजुराकडे वळले. खजुरातही वजनाच्या निम्म्याहून अधिक शर्करा असते, हे खरे, पण तिच्यासोबत तंतूही येतात आणि मुख्य म्हणजे खजूर दुधाला फाडत नाही. आपल्याकडे बाळंतिणीला आणि अशक्त मुलाला खारकेची पूड दुधात उकळून देण्याची रीत आहेच, म्हणून आरंभ खारकेने केला. चव उत्तम आली, पण नातीने शेवटचा घोट कपातच ठेवला आणि सांगितले, "खाली वाळू आहे." खारकेची पूड कितीही बारीक केली तरी तळाशी बसते. मग मऊ खजूर दुधात भिजवून मिक्सरमधून काढला, तर त्याच्या सालींचे कपटे वर तरंगू लागले आणि ते ओठांना चिकटतात म्हणून नातवाने कप बाजूला सारला.

उपाय माळ्यावर होता. बिया काढलेले शंभर ग्रॅम मऊ खजूर चाळणीवर ठेवून दहा मिनिटे वाफवले आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढले. साली जाळीवर राहिल्या, खाली लोण्यासारखा गर उतरला. पुरण वाटण्यापेक्षा हे काम सोपे आहे, हात तेवढे चिकट होतात. त्या गरात पंचवीस ग्रॅम कोको चाळून घातला, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा वेलदोड्याची पूड घातली, आणि सारे कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटे परतून ओलसरपणा उडवला. कोको यातच शिजून निघतो, त्यामुळे पुढे त्याला वेगळे शिजवावे लागत नाही. मिश्रण कडा सोडू लागले की उतरवून, निवल्यावर तळहाताला तुपाचे नुसते बोट लावून त्याचे दहा गोळे वळले. पहिल्या घाण्यात मी लाडवाच्या सवयीने दोन चमचे तूप आणि बदामाची पूड घातली होती. तुपाचा कपभर तवंग आला आणि बदाम तळाशी जाऊन बसले, म्हणून दोन्ही वगळले. लाडू खायचा असेल तर ते घालावे, विरघळवायचा असेल तर घालू नये.

हल्ली समाजमाध्यमांवर चॉकलेटचा पोकळ गोळा कपात टाकून त्यावर गरम दूध ओतण्याचे जे प्रकार दिसतात, त्याला हा आमचा जबाब आहे. एका कपात एक गोळा ठेवायचा, त्यावर कढत दूध ओतायचे, मिनिटभर तसेच राहू द्यायचे आणि मग लहान रवीने किंवा काट्याने घुसळायचे. गोळा फुटून दुधात रंग पसरताना पाहण्याची मौज एवढी की गोडाची तक्रार तिथेच निम्मी मिटते. हिशेब करायचा तर प्रत्येक गोळ्यात दहा ग्रॅम खजूर आणि अडीच ग्रॅम कोको येतो. शर्करा साधारण साडेसहा ग्रॅम भरते, म्हणजे दीड चमच्याच्या थोडे वर. दुधाची स्वतःची साखर, लॅक्टोज, असतेच, पण ती फार सौम्य गोड असते आणि मुक्त शर्करेत धरत नाहीत.

अर्थात चार चमच्यांवरून दीडवर मुले एका दिवसात येत नाहीत. पहिले तीन दिवस मी गोळ्यासोबत एक चमचा काकवी घातली, पुढचे तीन दिवस अर्धा, आणि नंतर ती विसरल्याचे दाखवले. नातवाच्या लक्षात आले, पण तोवर त्याला कोकोची खरी चव लागली होती, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले. मधाचा पर्याय शेजारणीने सुचवला होता. मी तो घेतला नाही, कारण कढत दुधात मध घालू नये असे आयुर्वेद सांगतो आणि मधही शेवटी मुक्त शर्कराच आहे. ज्यांच्या घरी वर्षाच्या आतले बाळ आहे त्यांनी तर मध मुळीच देऊ नये, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्यांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

द्राक्षांच्या गावात राहून बेदाणे न वापरणे मनाला पटत नव्हते, म्हणून खजुराच्या जागी अर्धे काळे मनुके घेऊनही एक घाणा केला. किंचित आंबूस, मला फार आवडला, मुलांना कमी. मनुके आणि बेदाणे कोमट पाण्यात दोनदा धुवावेत, कारण द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढतात.

नागलीचा प्रकार मात्र घरात कायमचा झाला. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आपल्या जिल्ह्याच्या डोंगराळ तालुक्यांत पिकणारी नागली, म्हणजे बाकी महाराष्ट्राची नाचणी, तिचे सत्त्व एक चमचा थंड दुधात कालवून उकळत्या दुधात सोडले आणि चार मिनिटे ढवळत शिजवले की बासुंदीसारखा दाटपणा येतो. मग त्यात गोळा विरघळवायचा. नागली आणि कोको यांचा रंग एकमेकांत असा मिसळतो की सांगितल्याशिवाय कोणाला कळत नाही, आणि मी सांगितले नाही. शाळेच्या दिवशी सकाळी हा एक कप घेतला की मधल्या सुट्टीपर्यंत मूल भुकेची तक्रार करत नाही, असे सूनबाईचे म्हणणे आहे.

वर तरंगायला मार्शमेलो हवेतच, हा नातीचा हट्ट मखाण्यांनी भागला. थेंबभर तुपावर कुरकुरीत भाजलेले मखाणे दुधावर झकास तरंगतात आणि दोन-तीन मिनिटांत मऊ पडतात. अगदी लहान मुलांना ते चुरूनच द्यावेत. मुलांना हे सगळे मी संध्याकाळी पाचच्या आत देते. कोकोत थोडे कॅफीन आणि त्याहून बरेच अधिक थिओब्रोमिन, म्हणजे कॅफीनच्याच जातीचे उत्तेजक द्रव्य, असते, एका चमच्यातले प्रमाण किरकोळ, परंतु रात्री दहाला उड्या मारणारी मुले झोपवण्याची जबाबदारी माझ्यावर असते.

गोळे काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्ये दहा दिवस उत्तम राहतात, असे मी लिहिणार होते, पण त्याचा पडताळा मला घेता आलेला नाही. रविवारी दहा गोळे भरून ठेवले होते. बुधवारी पाहिले तर चार उरले होते, आणि जे सहा गेले त्यांपैकी दूध फक्त तिघांनीच पाहिले होते. बरणी आता वरच्या फळीवर आहे. तिथे स्टूल पोचते, हे नातवाने काल शोधून काढले.