बेचाळीसपैकी चौतीस

मध्यंतरी मी माझी कृतज्ञता मोजली. चौतीस भरली. बेचाळीसपैकी.

ऐंशी टक्क्यांच्या वर म्हणजे विशेष प्रावीण्यच, असं म्हणून दोन मिनिटं खूश होतो. मग लक्षात आलं की या परीक्षेत शून्य पडायची सोयच नाही. विधानं सहा, प्रत्येकाला कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त सात गुण. म्हणजे जगातल्या सगळ्यात कृतघ्न माणसालाही सहा मिळतातच, हजेरीचे म्हणा. ते वजा केले तर उरले छत्तीसपैकी अठ्ठावीस. टक्केवारी लगेच तीनने घसरली.

ही प्रश्नावली माझ्या डोक्यातून निघालेली नाही. मायकल मॅकलॉ, रॉबर्ट एमन्स आणि जो-ॲन त्सांग या मानसशास्त्रज्ञांनी ती २००२ साली प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून कृतज्ञतेवर संशोधन करणारे हीच फूटपट्टी सर्रास हाती घेतात. विधानं अगदी साधी आहेत. ऋणी असावं असं आयुष्यात माझ्याकडे पुष्कळ आहे. त्याची यादी करायची म्हटली तर ती फार लांबेल. तऱ्हेतऱ्हेच्या माणसांविषयी मला कृतज्ञता वाटते. अशा प्रत्येक विधानाशी आपण कितपत सहमत आहोत ते एक ते सातमध्ये सांगायचं. सहापैकी दोन विधानं मुद्दाम उलटी घातलेली आहेत, त्यांचे गुणही उलटे मोजायचे. डोळे मिटून सगळीकडे 'हो' म्हणत जाणारा तिथे अडकतो.

मी अडकलो तो दुसऱ्या विधानाशी. यादी लांबेल का? लांबेलच की, असं म्हणून सहावर खूण केली आणि मग वाटलं, बघू तरी किती लांबते. वही घेऊन बसलो. पहिल्या दहा गोष्टी सरसर उतरल्या. पुढच्या चार जरा थांबत थांबत. सतराव्यावर पेन्सिल पार अडली. मी खिडकीबाहेर बघितलं, छताकडे बघितलं, शेवटी 'पेन्सिल' असं लिहिलं. आणि यादी करायला बसण्यापूर्वी जेवढा भरल्यासारखा वाटत होतो तेवढा आता वाटेनासा झालो. सतराच?

याचं उत्तर १९९१ सालच्या एका प्रयोगात आहे. नॉर्बर्ट श्वार्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांना, आपण ठामपणे वागलो असे सहा प्रसंग आठवायला सांगितले, काहींना बारा. सहा आठवणाऱ्यांना आपण बऱ्यापैकी ठाम आहोत असं वाटलं. बारा आठवणाऱ्यांनी दुप्पट पुरावा गोळा केला आणि स्वतःला कमी ठाम ठरवलं. कारण शेवटचे तीन-चार आठवताना घाम फुटला, आणि माणूस त्या घामावरून निकाल लावतो. माझ्या सतराव्या क्रमांकावरच्या पेन्सिलीचं तेच झालं असणार.

आता ती वही आधीपासून घरात का होती, ते सांगायला हवं. दोनेक महिन्यांपूर्वी एक डबा उघडताना पत्र्याच्या झाकणानं माझा उजवा अंगठा कापला. पेरावरच. तीन टाके पडले आणि बारा दिवस अंगठा पट्टीत गेला. बाकीची चार बोटं धडधाकट होती, तेव्हा फार काही अडणार नाही असा माझा समज. पहिल्याच सकाळी शर्टाच्या वरच्या गुंडीनं तो उतरवला. गुंडी काजातून नुसती ढकलायची नसते. पलीकडून अंगठा तिला ओढून घेत असतो, हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. मग किल्ली. मग टूथपेस्टचं झाकण. मोजे चढवताना तर मी पलंगावर आडवाच झालो. पाकीट फाडायला दात लावले. एरवी मी चेष्टेनं अंगठा दाखवत असे, तोही दाखवायची सोय उरली नाही.

टाके निघाले त्या रात्री वही काढली. रोज झोपण्यापूर्वी तीन चांगल्या गोष्टी लिहाव्यात आणि त्या का घडल्या तेही लिहावं, हा उपाय मी वाचून होतो. मार्टिन सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तो तपासला होता आणि त्याचा गुण सहा महिन्यांपर्यंत टिकलेला त्यांना आढळला. पहिल्या दिवशी लिहिलं 'अंगठा', खाली दोन रेघा. दुसऱ्या दिवशी 'अंगठा'. तिसऱ्या दिवशी 'अंगठा, विशेषतः गुंडी'. चौथ्या दिवशी तो तिसऱ्या क्रमांकावर गेला. पाचव्या दिवशी वहीत पाऊस थांबल्याची नोंद आहे, हरवलेलं बिल सापडल्याची नोंद आहे, शेजारच्यांनी भिंतीत खिळे ठोकणं बंद केल्याची नोंद आहे. अंगठा नाही. बारा दिवस ज्याच्यावाचून पदोपदी अडलं, तो चार दिवसांत अंगवळणी पडला. अंगवळणी हा शब्द किती नेमका आहे, ते अंगठ्यानं कळलं.

पुढची पानं मी आता वाचली तर लाज वाटते. 'चहा'. 'झोप बरी लागली'. 'आई, ताई, आरोग्य'. 'वरीलप्रमाणे'. हो, 'वरीलप्रमाणे' असं खरंच लिहिलंय, सलग दोन रात्री. हजेरीपटावर सही करून कामावरून पळ काढावा तसं. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा अशी मोजदाद करणाऱ्यांचं समाधान वाढलं, आणि आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांचं नाही, हे नंतर वाचलं आणि हायसं वाटलं. म्हणजे मीच एकटा आळशी नव्हे.

एमन्स आणि मॅकलॉ यांच्या २००३ च्या प्रसिद्ध प्रयोगातही नोंद आठवड्यातून एकदाच होती, दहा आठवडे. एका गटानं पाचपर्यंत चांगल्या गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं कटकटी, तिसऱ्यानं नुसतं जे घडलं ते. पहिला गट अधिक समाधानी निघाला, हे सगळीकडे सांगितलं जातं. पण कटकटी लिहिणाऱ्यांपुढे दिसलेली त्याची सरशी नुसतं घडलं ते लिहिणाऱ्यांपुढेही सगळ्याच बाबतींत दिसली असं नाही, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. म्हणजे थोडा गुण चांगलं लिहिण्याचा असेल, आणि थोडा दहा आठवडे कुरकुर न लिहिण्याचा.

एवढं सगळं माहीत असूनही चौतीस हा आकडा मला सुखावत होता. मग त्या २००२ च्या अभ्यासातली एक गोष्ट आठवली. संशोधकांनी लोकांना फक्त स्वतःविषयी विचारलं नव्हतं. त्यांना ओळखणाऱ्यांनाही विचारलं होतं, हा माणूस किती कृतज्ञ आहे म्हणून. ही कल्पना मला तेव्हा फार निरुपद्रवी वाटली. मी तीच सहा विधानं ताईला पाठवली. 'माझ्याविषयी भर. खरं खरं.'

अर्ध्या तासात तिचे आकडे आले. मी गुण मोजले, उलटी दोन उलटवली, पुन्हा मोजले. एकवीस.

फोन लावला.

"एकवीस?"

"कमी दिलेत का? मला वाटलं जास्तच झाले."

"अगं, मी स्वतः भरले ते चौतीस आले."

"मग तू तुझ्या आतलं बघून भरलंस. मला काय दिसणार तुझ्या आतलं?"

सगळ्यात मोठी तफावत सहाव्या विधानावर होती. त्याचा आशय असा, की कुणाविषयी कृतज्ञता वाटायला माझा बराच काळ जातो. हे उलट्यांपैकी एक. मी स्वतःला तीन दिले होते, म्हणजे 'नाही, फारसं तसं नाही'. तिनं सहा. मी म्हटलं, थँक्यू थँक्यू करत बसणं आपल्यात कधी होतं का? परक्यासारखं वाटतं ते. आणि आभाराचा भार कशाला, असं तूच म्हणतेस.

"थँक्यू नकोच रे," ती म्हणाली. "पण तुला कळलंय, एवढं तरी समोरच्याला कळू दे."

या वाक्यावर मी फोन ठेवल्यानंतर बराच वेळ बसून होतो. कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा. 'कृत' आणि 'ज्ञ', इतकंच. त्या शब्दात बोलणं नाही, परतफेड नाही, नुसतं जाणणं आहे, आणि माझे चौतीस गुण त्या जोरावर खरेच होते. जाण आहे मला. पण आपण एखाद्याला जेव्हा म्हणतो की त्याला जाण आहे हो, तेव्हा ती आपल्याला कुठून कळलेली असते? त्याच्या वागण्यातूनच ना! वहीत अंगठ्याखाली रेघा मारून काही बिघडत नाही, अंगठ्याला वाचता येत नाही. ताईला येतं. आणि वहीत ती आहे ती 'आई, ताई, आरोग्य' या ओळीत, दोन स्वल्पविरामांच्या मधे.

अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली आणि पत्र वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. लिहिणाऱ्यांचा अंदाज दोन्हीकडून चुकला. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं त्यांना वाटलं होतं, तितकं झालं नाही. आणि बरं वाटेल असं वाटलं होतं, त्याहून पुष्कळ जास्त वाटलं. म्हणजे संकोच करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मला सोबत मिळाली, सुटका नाही.

आठवडाभर टाळलं. तेरा गुणांची दरी भरून काढायला फोन करतोय असं तिला वाटलं तर? आणि खरं म्हणजे थोडंसं तसं होतंच. शिवाय बोलायचं काय? 'तू माझ्यासाठी खूप केलंस' हे वाक्य म्हणजे पुन्हा 'वरीलप्रमाणे'च.

मग मिंकयोंग कू आणि सहकाऱ्यांचा २००८ चा एक प्रयोग कामी आला. मिळालेलं मोजण्याऐवजी ते मिळालंच नसतं तर, असं लिहून बघायचं. जोडीदार कसा भेटला हे लिहिणाऱ्यांपेक्षा, तो भेटलाच नसता तर हे लिहिणारे जास्त समाधानी झाले होते. पट्टीतल्या अंगठ्यानं मला हेच शिकवलं होतं म्हणायचं. मी वहीचं कोरं पान काढलं आणि ताईला वजा करून बघितलं. मोठमोठ्या गोष्टी आठवतील असं वाटलं होतं. आठवली ती लेबलं. माझं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय. शाळेत पहिल्यापासून दहावीपर्यंत, दरवर्षी माझ्या सगळ्या वह्यांवर नाव, इयत्ता, विषय ताई लिहायची, तिच्या त्या वळणदार अक्षरात. स्वतःच्या वह्या आधी आटपायच्या आणि मग माझा गठ्ठा. दहा वर्षं. मी एकदाही 'लिही ना' म्हटलेलं मला आठवत नाही. गठ्ठा तिच्यासमोर ठेवायचो आणि खेळायला जायचो.

रविवारी फोन केला आणि हे असंच्या असं सांगितलं. लेबलं, गठ्ठा, खेळायला जाणं.

पलीकडे शांतता.

"बरं आहे ना तुला?" ती म्हणाली. "ताप वगैरे?"

"नाही गं. आठवलं म्हणून."

पुन्हा शांतता. मला वाटलं, आता विषय बदलणार.

"सातवीत," ती म्हणाली, "भूगोलाच्या वहीवर मी तुझ्याऐवजी माझं नाव लिहिलं होतं. घाईत. इयत्ता तुझी, नाव माझं. तुला वर्गात सगळे चिडवत होते, मला माझ्या मैत्रिणीच्या भावानं सांगितलं. पण तू घरी बोलला नाहीस. लेबल फाडलंही नाहीस. वर्षभर तशीच वापरलीस ती वही."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. आत्ताही आठवत नाही. बहुतेक तेव्हा माझ्या लक्षातच आलं नसेल, किंवा नवं लेबल चिकटवायचा कंटाळा केला असेल. ते मी तिला सांगितलं नाही.

"मग आता गुण वाढवणार का?" मी विचारलं.

"एका फोनवर?" ताई म्हणाली. "बावीस करते."