मरिंबा, नोंद ७ : मुकी पट्टी बोलली

मी घरी मरिंबा बनवतेय, म्हणजे टिपऱ्यांनी वाजवायच्या लाकडी पट्ट्यांचं वाद्य, प्रत्येक पट्टीखाली आवाज घुमवणारी नळी. त्यातली २२० हर्ट्झची, ए स्वराची पट्टी. महिनाभर जिने छळलं ती तिसरी पट्टी काल रात्री बोलली! खालच्या नळीत अशी घुमली की शेल्फवरच्या डब्याचं झाकण थरथरलं. दादा बास गिटार खाली ठेवून आत आला आणि म्हणाला, "पुन्हा वाजव." पुन्हा वाजवली. तो खुर्ची ओढून बसलाच.

ही पट्टी का मुकी होती, ते सविस्तर लिहिते, कारण नोंद ५ मध्ये मी तुम्हाला चुकीचा सल्ला दिला होता. दोरीची भोकं पट्टीच्या दोन्ही टोकांपासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर पाडा, असं मी लिहिलं होतं. तिथे पट्टी हलत नाही, म्हणून तिथे धरलं तर नाद दबत नाही. हे खरं आहे, पण सगळीकडे सारख्या जाडीच्या पट्टीसाठी. मी ३६ सेंमीच्या पट्टीला ८ सेंमीवर भोकं पाडली आणि *मग* स्वर उतरवायला खालून पोट कोरलं. मधला भाग हलका झाला, टोकं त्या मानाने जड राहिली आणि स्थिर जागा बाहेरच्या बाजूला सरकली. दोरी थरथरणाऱ्या लाकडाला धरून बसली होती. नाद निघणार कुठून?

हे कळेपर्यंत मी सगळ्यांवर संशय घेतला. आधी लाकडावर. वखारीत "पूर्ण वाळलेलंय ताई" म्हणून दिलेलं शिसव ओलंच होतं, तीन आठवड्यांत पाचही पट्ट्या जवळजवळ पंधरा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढल्या. त्या पोटातून थोडं थोडं घासून खाली आणल्या, तरी ही मुकीच. मग टिपऱ्यांवर. लोकर काढली, पुन्हा गुंडाळली, रबरी चेंडू बदलला. मग ट्यूनरच्या ॲपवर. ते मूळ स्वर सोडून दोन सप्तकं वरचा उपस्वर पकडत होतं, म्हणून मला वाटलं कोरण्यातच घोळ झालाय.

शेवटी पट्टी फोमच्या दोन तुकड्यांवर ठेवली आणि वर मीठ भुरभुरलं. पावसाळी हवेत मीठ जागच्या जागी चिकटून बसलं. आईने पाहिलं आणि देवघरातून रांगोळीचा डबा आणून दिला. "ही जाडी आहे, घे. पण उरलेली परत ठेव हं." मधोमध हलक्या हाताने ठोकत राहिले. कण उडाले, सरकले आणि वीसेक ठोक्यांत दोन आडव्या पांढऱ्या रेषा उमटल्या. भोकांपासून चांगल्या ७ मिमी बाहेर. त्या रेषांकडे मी किती वेळ बघत बसले होते, ठाऊक नाही.

तेव्हा क्रम असा: आधी कोरा, स्वर लावा, रांगोळी टाका, भोकं सगळ्यात शेवटी. या पट्टीला मी नवं भोक पाडणार नाही, दोन भोकांमध्ये जेमतेम ३ मिमी लाकूड उरेल. जुन्या स्लिपरच्या रबराच्या पट्ट्या कापून त्या रेषांखाली दिल्यात. खरं तर हे लिहितानाच वाटतंय की पाचही पट्ट्या अशाच रबरावर ठेवाव्यात. दोरीचा व्यापच नको.

आणि हो, पट्ट्या पाचच. आधीचा तेरा पट्ट्यांचा बेत रद्द. गेला आठवडाभर लिक्विड लिक्विड या न्यूयॉर्कच्या बँडच्या तीन ईपी (छोट्या रेकॉर्ड्स) पुन्हा ऐकल्या. १९८१ मध्ये दोन, १९८३ मध्ये 'ऑप्टिमो'. रिचर्ड मॅग्वायरचा बास, स्कॉट हार्टलीचे ड्रम्स, साल प्रिन्सिपाटोचा आवाज, डेनिस यंगचा मरिंबा. ही माणसं एक छोटा तुकडा धरतात आणि सोडत नाहीत. 'ऑप्टिमो'मधल्या 'कॅव्हर्न' या गाण्याची बासची ओळ इतकी पक्की की शुगर हिल या रॅप रेकॉर्ड कंपनीने त्याच वर्षी ती आपल्या वादकांकडून वाजवून घेऊन 'व्हाइट लाइन्स' हे गाणं काढलं. पुढे कोर्टकचेरी झाली आणि लिक्विड लिक्विडच्या रेकॉर्ड्स काढणारं, मॅकडूगल स्ट्रीटवरच्या एड बाहलमनचं ९९ रेकॉर्ड्सही बंद पडलं. याची मला आजही हळहळ वाटते. पण २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला एलसीडी साउंडसिस्टम या बँडच्या निरोपाच्या कार्यक्रमाआधी हेच लोक वाजवायला उभे राहिले. हे वाचलं तेव्हा मी आणि दादाने एकमेकांना टाळी दिली होती.

अशा संगीताला तेरा स्वर कशाला? पाच पुरेत, पण प्रत्येकाला पोट हवं. सॉफ्टवेअरमधले तयार मरिंबा मला म्हणूनच आवडत नाहीत. फार लांबतात, फार चकचकीत असतात. इथे आखूड, लाकडी, बासला खेटून बसणारा ठोका हवा.

नळीचं थोडक्यात. खालून बंद नळी स्वराच्या पाव तरंगलांबीएवढी लागते. २२० हर्ट्झसाठी ती २० अंशांना ३९ सेंमी येते, त्यातून उघड्या तोंडासाठी दीडेक सेंमी वजा. दुपारी ३० अंश झाले की तीच ३९.७ होते आणि सकाळी घुमणारी नळी दुपारी मंदावते. म्हणून पीव्हीसीला खालून टोपण चिकटवलं नाही. लाकडी चकतीला सायकलच्या ट्यूबचा रबर गुंडाळून आत सरकवलीय. काठीने ढकलायची, कान लावायचा, घुमली की थांबायचं. या नोंदीतलं माझं सगळ्यात लाडकं काम हेच.

उरलेल्या चार नळ्या रविवारी कापते. दादाने ए वर थांबणारी चार मात्रांची ओळ बसवायला घेतलीय, दुसरी मात्रा मुद्दाम रिकामी ठेवून. ती जागा माझी, असं म्हणतो.