शुगर ५५ आणि घामाचा पत्ता नाही

शुगर उतरली की दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. हा सगळा गोंधळ मेंदू मुद्दाम घालतो. त्याचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण स्वस्थ बसलेलं शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिच्यातले सुमारे २० टक्के एकटा तो खातो, आणि ग्लुकोजचा साठा त्याच्याकडे जवळजवळ नसतोच. म्हणून मेंदूतल्याच हायपोथॅलॅमस नावाच्या भागातल्या काही पेशी रक्तातल्या ग्लुकोजवर सतत नजर ठेवून असतात.

निरोगी माणसात शुगर ८०-८५ वर आली की इन्शुलिन आटतं. ६५-७० ला ग्लुकागॉन आणि अ‍ॅड्रेनलिन ही साखर वाढवणारी संप्रेरकं सुटतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. ५५ च्या आसपास घाम, थरथर, भूक. ५० च्या खाली विचारच गोंधळतात.

पण हे आकडे सरकतात. कायम ३०० च्या घरात असणाऱ्याला ९० वरही थरथरायला होतं. उलट इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड या मधुमेहाच्या गोळीवर ज्याची शुगर वारंवार लो होते, त्याचा मेंदू कमी साखरेला सरावतो. आज एकदा चांगलीच उतरली, तर उद्याच्या लोला अ‍ॅड्रेनलिन कमीच सुटतं. शेवटी घाम यायच्या आधीच माणूस बरळू लागतो, आणि घरच्यांना वाटतं, आज उगाच चिडलेत. त्यात प्रोप्रॅनोलॉलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर धडधड-थरथरही दबते. घाम तेवढा येतो.

७० च्या खाली आकडा दिसला की त्रास होवो न होवो, १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर (तीन-चार लहान चमचे) पाण्यातून घ्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर तेवढीच परत. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. मधुमेहाच्या गोळीत व्होग्लिबोज हे औषध असेल (आपल्याकडच्या 'तीन औषधं एकत्र' गोळ्यांत बरेचदा असतं, पाकीट वाचा) तर घरातली साखरही लवकर लागू पडत नाही, कारण ती आतड्यात फोडणारं विकरच त्या औषधाने अडवलेलं असतं. तिथे ग्लुकोजच हवं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

हरवलेली लक्षणं बहुतेकांना परत मिळतात. त्यासाठी डॉक्टरांकडून डोस बदलून घेऊन दोन-तीन आठवडे एकही लो होऊ द्यायचा नाही. तोवर गाडीची किल्ली हातात घेण्याआधी आणि झोपण्याआधी बोट टोचून आकडा बघायचा.