भिगवणला एकदा जाऊन भागत नाही

नोव्हेंबरात पक्षी पाहायला भिगवणला गेलो तेव्हा एकही रोहित (फ्लेमिंगो) दिसला नाही. आठवी-नववीची चौदा मुलं पहाटे साडेतीनला पुण्याहून निघालेली, आणि समोर उजनीचं पाणी थेट उसाच्या बांधापर्यंत तुडुंब. मुलं हिरमुसली. तरी दिसलं ते सगळं ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या ॲपवर, नोंदवलं, ३४ जाती झाल्या. फेब्रुवारीत तीच मुलं घेऊन त्याच काठावर परत गेले, आणि ती नोव्हेंबरची यादी किती मोलाची होती ते तेव्हा कळलं.

हा भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा. पावसाळ्याअखेर भरतो, पुढे शेतीला पाणी सुटत जातं तशी पातळी उतरते आणि काठचा चिखल उघडा पडतो. रोहिताला गुडघाभर पाणी आणि खाली गाळ लागतो. ‘रोहित कधी येतात?’ याचं उत्तर मुलं कॅलेंडरात शोधत होती. दुसऱ्या खेपेला नववीतली एक मुलगी होडीत बसता बसता म्हणाली, “बाई, मागच्या वेळी आपण इथून चढलोच नव्हतो. इथे पाणी होतं.” काठ निदान शंभर पावलं आत सरकला होता. मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

फेब्रुवारी मुद्दाम निवडला, कारण या महिन्यात ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. शुक्रवार ते सोमवार असे चार दिवस जगभरातले लोक आपापल्या जागी पक्षी मोजतात. उपक्रम १९९८चा, भारतात २०१३पासून. नियम सोपा आहे: निदान पंधरा मिनिटं थांबायचं आणि ओळखू आलेला प्रत्येक पक्षी लिहायचा. आमच्या एका मुलाने विचारलंच, “कावळा पण?” हो, कावळा पण. यादी पाठवताना ‘ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का?’ असा प्रश्न येतो. त्याला खरेपणाने ‘हो’ म्हणता आलं, तरच यादीत नसलेला पक्षी तिथे दिसला नव्हता असं धरता येतं. आमच्या नोव्हेंबरच्या यादीत रोहित नव्हता, ही त्यामुळे नोंद ठरली.

कुंभारगावच्या काठावरून साडेसहाला होडी निघाली. धुकं पाण्यावर होतं. चिलापीची जाळी ओढणारे लोक, त्यांच्या डोक्यावर कुरव आणि नदी सुरय हे पाणपक्षी. पुढे उथळात रोहितांचा थवा. आमचे नावाडी मामा मासेमारीतच वाढलेले. त्यांनी लांबच इंजिन बंद केलं आणि वल्ह्याने होडी नेली. दुर्बिणीतून एकच पक्षी बराच वेळ पाहायला सांगितलं. तो जागच्या जागी पाय आपटत गोल फिरत होता, गाळ ढवळत होता, आणि मान खाली घालून चोच चक्क उलटी धरून पाणी गाळत होता. चोचीच्या कडांना गाळणी असते, जीभ पंपासारखी चालते. गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. पिल्लं म्हणून राखी, मळकट.

इथेच आमची चूक झाली. मुलांनी काही पक्षी ‘छोटा रोहित’ या वेगळ्या जातीचे म्हणून लिहिले आणि मीही तपासलं नाही. दोन दिवसांनी ई-बर्डच्या स्वयंसेवी परीक्षकांची सौजन्याने विचारणा आली: फोटो आहे का? फोटो मोठा करून पाहिला. चोच फिकट, टोक काळं, म्हणजे मोठ्या रोहिताचीच पिल्लं. छोट्याची चोच गडद लाल असते. नोंद दुरुस्त केली. मुलांना त्याचं वाईट वाटलं नाही, उलट आपली यादी कुणीतरी खरंच वाचतं याचं त्यांना अप्रूप वाटलं.

थवा मोजताना आधी दहा पक्षी मोजा, ते दुर्बिणीत किती जागा व्यापतात ते डोळ्यांत ठेवा, मग तेवढे गठ्ठे करत पुढे जा. तिघांना वेगवेगळं मोजायला लावा. आमचे आकडे ३१०, ३४० आणि ४२० आले. तिसऱ्याने उडून पुन्हा बसलेले दोनदा धरले होते.

शेजारच्या एका होडीने फोटोसाठी थवा उठवला, ते पाहून मुलं फार चिडली. तुम्ही जाल तेव्हा होडीत बसण्याआधीच सांगून ठेवा की पक्षी उडवायचे नाहीत. नावाडी ऐकतात; आग्रह बहुतेक वेळा पाहुण्यांचाच असतो.

परतताना काठावर पट्टकादंब दिसले, डोक्यावर दोन काळे पट्टे. मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून येणारे हे हंस. सात हजार मीटरवरून उडताना त्यांची नोंद झाली आहे. कुणाच्या मानेला अभ्यासकांनी घातलेला पट्टा दिसला तर रंग आणि त्यावरची अक्षरं नक्की टिपा.

बाकी तयारी: पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटर. पहाटे स्वेटर, दहानंतर टोपी. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, मोजून. दर तिघांत एक दुर्बीण पुरते, ८×४२ची चांगली. ई-बर्ड नेटवर्कशिवाय चालतं, पण त्या भागातल्या पक्ष्यांच्या माहितीचा संच आदल्या रात्रीच फोनवर उतरवून ठेवा. होडीची आणि काठावरची यादी वेगळी करा. जागा ई-बर्डवर आधीच असलेल्या ठिकाणांमधून (हॉटस्पॉट) निवडा, म्हणजे दोन खेपांची तुलना करता येते.

आणि घरी आल्यावर एक झाड धरा. आमची मुलं सीझनवॉच या झाडांच्या ऋतुबदलांची नोंद ठेवणाऱ्या उपक्रमासाठी शाळेतल्या काटेसावरीची दर सोमवारी नोंद करतात: पालवी, कळ्या, फुलं, फळं, काहीच नाही, थोडं की खूप. येताना रस्त्याकडेचा निष्पर्ण, केशरी पळस पाहून गाडीत सगळ्यांनी एकदम ‘फुलं खूप, पानं नाही’ असा ओरडा केला.

एप्रिलअखेर पुन्हा जाणार आहोत. पट्टकादंब तोवर गेलेले असतील असा माझा अंदाज, पण त्या नववीतल्या मुलीने वहीत त्यांच्यापुढचा रकाना मोकळाच ठेवला आहे. पाहिल्याशिवाय भरणार नाही म्हणते.