हॉट टबच्या दिव्याची गळती: काम कुठवर आलं

पाण्याची पातळी दिव्याच्या खालच्या कडेशी येऊन थांबते, हे पक्कं झाल्यावर निम्मं काम झाल्यासारखंच आहे. हे ठरवायला पंप बंद ठेवले, झाकण लावलं आणि टबच्या भिंतीवर चिकटपट्टीची खूण करून पातळी मोजली. २ मीटर बाय २ मीटरच्या टबात पातळी १ मिलिमीटर उतरली म्हणजे ४ लिटर पाणी गेलं. टेपवर किरकोळ दिसणारा फरक खाली बादलीभर पाणी सांडून बसलेला असतो. पंप चालू केल्यावर गळती वाढली असती तर संशय पंपापुढच्या पाइपांवर गेला असता. इथे पंप चालू असो वा बंद, वेग सारखाच. म्हणजे दोष स्थिर पाण्याखालच्या एखाद्या फिटिंगमध्ये.

बाहेरची फळी उघडल्यावर जिथे ओल दिसते तिथेच गळती आहे असं धरून चालू नका. पाणी टबच्या भिंतीमागे भरलेल्या फोमच्या पोकळ्यांतून आणि पाइपाच्या अंगाने वाट काढत भलतीकडेच टपकतं. रंगाची चाचणी जास्त भरवशाची: पाणी अगदी निवळ आणि स्थिर असताना बिनसुईच्या सिरिंजने खाण्याचा रंग दिव्याच्या कडेपासून १ सेंटिमीटरवर हळूच सोडायचा आणि थांबायचं. गळती बारीक असेल तर रंगाचा धागा आत खेचला जायला काही मिनिटं लागतात. घाई केली की हाताने ढवळलेलं पाणीच रंग पसरवतं आणि काहीच कळत नाही. आपल्या दिव्यात रंग खालच्या बाजूने, कडेच्या घड्याळातल्या ५ च्या जागी आत गेला.

पुढे हात घालण्याआधी टबचा मुख्य एमसीबी पाडला आणि टेस्टरने तारा तपासल्या. दिवा १२ व्होल्टचा असला तरी त्याच पेटीत हीटरची पूर्ण व्होल्टेजची जोडणी असते, आणि गळकं पाणी तिथवरही पोचतं. त्यानंतर पाणी दिव्याच्या बरंच खाली जाईपर्यंत काढलं.

दिव्यामागचा फोम साध्या जुन्या सुरीने, थोडा थोडा करून कापायचा. करवत किंवा मल्टिटूल नको. फोमच्या पोटात हवेच्या बारीक नळ्या असतात आणि त्यातली एक कापली गेली की एकाऐवजी दोन गळत्या. चेकनटभोवती (दिवा मागून आवळून धरणारा मोठा नट) पंजा फिरेल एवढी, १० ते १५ सेंटिमीटर जागा पुरते.

आता निदानाचा खरा भाग. पाणी तीन वाटांनी येऊ शकतं: कडेखालच्या वायसरमधून, दिव्याच्या प्लॅस्टिकच्या घरातल्या तड्यातून, किंवा पुढची काच वेगळी बसवलेली असेल तर तिच्या ओ-रिंगमधून (रबरी कडीतून). बल्बचा होल्डर मागून थोडा फिरवून ओढला की तो बाहेर येतो. आतली वाटी ओली असेल तर काच किंवा घर फुटलंय. वाटी कोरडी आणि थेंब चेकनटखालून, घराच्या बाहेरच्या अंगाने येत असेल तर दोष वायसरचा. आपली वाटी कोरडी ठणठणीत निघाली. होल्डरच्या टोकांवर मात्र हिरवा गंज होता. बाहेरची दमट हवाही तेवढं करते. काँटॅक्ट क्लीनर आणि दात घासायचा ब्रश, एवढ्यावर तो गेला.

चेकनट सुटला तेव्हा कारण डोळ्यांसमोरच होतं. टबचं कवच पुढून गुळगुळीत ॲक्रिलिक, मागून फायबरग्लासचा थर. भोकाच्या कडेशी त्या फायबरग्लासचा एक वाळलेला ओघळ, ज्वारीच्या दाण्याएवढा. चेकनट त्यावर तिरका बसला होता, त्यामुळे वायसर एका बाजूला पिचलेला आणि समोरच्या बाजूला जेमतेम टेकलेला. गरम पाण्यात रबर कडक होऊन त्याची उसळी गेली आणि सैल बाजूने पाझर सुरू झाला. ८० नंबरच्या पॉलिशपेपरने तो ओघळ सपाट केला. फायबरची धूळ घशात आणि डोळ्यांत वाईट, तेव्हा मास्क आणि गॉगल घालूनच.

मागच्या बाजूने सिलिकॉन फासणं हा सगळ्यात लोकप्रिय उपाय आणि सगळ्यात वाया जाणारा. पाण्याचा दाब आतून बाहेर असतो. मागचा लेप तो कवचापासून सोलून काढतो. ६० सेंटिमीटर खोलीवर दाब जेमतेम ०.०६ बार, पण तो रात्रंदिवस असतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळण्यालाही अर्थ नाही. इथे आटे पाणी अडवत नाहीत, ते फक्त कड ओढून धरतात. पाणी अडतं ते ओल्या बाजूला, कड आणि ॲक्रिलिक यांच्या मध्ये.

घराच्या प्लॅस्टिकवर, जिथे आट्याची नळी कडेला मिळते त्या कोपऱ्यात, कोळिष्टकासारख्या बारीक रेषा दिसल्या. म्हणून नुसता वायसर न बदलता पूर्ण घरच बदललं. सुटा भाग मागवताना भोकाचा व्यास, कडेचा बाहेरचा व्यास आणि आट्याच्या नळीची लांबी, तिन्ही मापं घ्या. पुढून ५ इंच दिसणारे दोन दिवे मागे वेगवेगळ्या भोकाचे असू शकतात.

जुनं सिलिकॉन प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढलं आणि जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. ॲसिटोन आणि थिनर इथे आणूच नका, ॲक्रिलिक विरघळतं. पीव्हीसीचं सोल्यूशनही नको. पारदर्शक घराला त्याने तडे जातात.

आधी सगळं कोरडं बसवून पाहिलं. भिंत सपाट असेल तर नवा वायसर कोरडाच बसवणं उत्तम, कारण ओलं सिलिकॉन लावलं की पिळताना वायसर घसरून बाहेर येतो. आपली भिंत किंचित गोलसर आहे, म्हणून वायसर न घालता न्यूट्रल क्युअर (वाळताना आंबट वास न सोडणाऱ्या) सिलिकॉनची ५ मिलिमीटरची अखंड वळी कडेमागे फिरवली. एकाने पुढून घर धरायचं, दुसऱ्याने मागून चेकनट हाताने फिरवायचा, सगळीकडून सारखं सिलिकॉन बाहेर डोकावेपर्यंतच. सगळं पिळून काढलं तर मध्ये काही उरतच नाही. २४ तास वाळल्यावर पाव फेरा आणखी, तोही हातानेच. मोठा पाना लावला की तो नळीचा कोपरा तडकतो. यापुढे चेकनटला हात लावायचा नाही. वाळलेलं सिलिकॉन हलवलं की ते सुटतं.

सध्या पाणी दिव्याच्या मध्यापर्यंत भरून, मग पूर्ण भरून पाहिलंय. चेकनटखाली गुंडाळलेला टिश्यू दोन्ही वेळा कोरडा. आता टब ३८ अंशांवर तापवून तीच तपासणी करायची आहे, कारण गरम झाल्यावर ॲक्रिलिक आणि प्लॅस्टिक सारखं प्रसरण पावत नाहीत आणि थंड पाण्यात कोरडी राहिलेली जोडणी तेव्हा उघडी पडू शकते. तोवर मागची जागा मोकळीच. नंतरही तिथे डब्यातला फुगणारा फोम मारायचा नाही: तो फुगताना घराला रेटतो आणि बल्ब बदलायची वाट बुजवतो. बंद पेशींच्या (पाणी न शोषणाऱ्या) फोमचा तुकडा मापाने कापून नुसता अडकवणार आहोत.