केमोआधी एग फ्रीझिंग : एका पत्रापायी नऊ दिवस

मला स्तनाचा कॅन्सर. केमोने अंडाशयाला इजा होऊ शकते, म्हणून पुढे मूल हवं असेल तर आधीच स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवायची, ते एग फ्रीझिंग. त्याला दोन आठवडे लागतात असं सगळे सांगतात. खरं आहे. पण ते दोन आठवडे सुरू व्हायच्या आधीच माझे नऊ दिवस एका कागदापायी गेले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

कागद म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांचं पत्र. त्याशिवाय आयव्हीएफ सेंटर इंजेक्शन सुरू करत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण पत्रात काय हवं, हे दोन्हीकडचं कुणी सांगत नाही. पहिल्या पत्रात एकच ओळ: पेशंटची इच्छा असल्यास हरकत नाही. सेंटरने परत पाठवलं. दुसऱ्यात तारीख नव्हती. तिसऱ्या वेळी सही करणारे डॉक्टर रजेवर! शेवटी मीच वहीचं पान फाडून मुद्दे लिहिले आणि ओपीडीत टेबलावर ठेवले. निदान आणि स्टेज. ईआर, पीआर, हर-टूचा रिपोर्ट, म्हणजे गाठ हार्मोनवर (ईआर, पीआर) किंवा हर-टू या प्रथिनावर वाढते का, ते. आधी ऑपरेशन की आधी केमो. औषधं कोणती, त्यात सायक्लोफॉस्फमाइड असेल तर तसं स्पष्ट, कारण अंडाशयाला मोठा दणका त्याचाच बसतो. आणि केमो जास्तीत जास्त कधीपर्यंत थांबू शकते, ती तारीख. दहा मिनिटांत पत्र हातात आलं.

सगळं अडतं ते त्या तारखेवर. सेंटर तिथून उलटं मोजत येतं: एग वाढवणारी इंजेक्शनं साधारण 10 ते 12 दिवस, एग पक्व करणाऱ्या शेवटच्या ट्रिगर इंजेक्शननंतर 34 ते 36 तासांनी भूल देऊन एग काढणं, आणि वर दोन-तीन दिवस हाताशी. आधी ऑपरेशन असेल तर ते आणि केमो यांच्या मधले आठवडे यासाठी सोयीचे. आधी केमो असेल तर नऊ दिवस वाया घालवणं परवडत नाही.

रिसेप्शनवरून 'पाळीच्या दुसऱ्या दिवशी या' असं सांगतील. ते नेहमीच्या पेशंटसाठी. केमो तोंडावर असताना पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरुवात करता येते. 'रँडम स्टार्ट' म्हणा, लगेच डॉक्टरांकडे सोडतात.

गाठ हार्मोन पॉझिटिव्ह असेल तर इस्ट्रोजेन फार चढू नये म्हणून इंजेक्शनांबरोबर रोज लेट्रोझोलची गोळी देतात. एग काढल्यावरही ती काही दिवस चालते, आपल्या मनाने बंद करू नका. इंजेक्शनं फ्रीजमध्ये ठेवायला सांगितली असतील तर दाराच्या कप्प्यात नको, आतल्या शेल्फवर.

एग की भ्रूण, हे लग्न झालेल्यांनी फॉर्म भरायच्या आधी ठरवावं. भ्रूणावर दोघांचा हक्क, पुढे वापरताना सही दोघांची. एग एकटीचं. मी एग निवडली. 2021च्या कायद्याप्रमाणे साठवण 10 वर्षांपर्यंत. हार्मोन पॉझिटिव्ह गाठीसाठीची टॅमॉक्सिफेनची गोळी 5 वर्षं किंवा जास्त चालते, आणि ती चालू असताना गरोदर राहायचं नसतं, तेव्हा हा आकडा वाटतो तेवढा ऐसपैस नाही. तुमच्या मृत्यूनंतर एगचं काय करायचं, हेही फॉर्ममध्ये विचारतात. तो प्रश्न घरीच वाचून जा, काउंटरवर पहिल्यांदा वाचू नका.

केमोत अंडाशय जपायला आणखी एक इंजेक्शन देतात: अंडाशय झोपवणारं गोसेरेलिन, 3.6 मिलिग्रॅम, दर 28 दिवसांनी पोटाच्या कातडीखाली. केमोच्या निदान आठवडाभर आधी सुरू व्हायला हवं. ते फ्रीझिंगच्या जोडीला, बदली नाही.

हो, आणि एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सीचे रिपोर्ट कॅन्सर हॉस्पिटलात झालेले असतातच. त्यांच्या प्रती घेऊन जा, नाहीतर तिकडे पुन्हा रक्त आणि पुन्हा एक दिवस.